क्षणात घडलेला सूर आणि त्याचे अस्तित्व

संगीतकृती म्हणजे आधी बांधलेली रचना की प्रत्यक्ष घडलेले वादन, हा कलातत्त्वज्ञानातील जुना प्रश्न वेल्समधील ‘मॅन’ या रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक मिकी जोन्स (१९४६–२०१०) याच्या वादनाचा विचार करताना अधिक टोकदार होतो. मर्थर टिडफिल येथे जन्मलेल्या जोन्सच्या वादनात गीताचा आराखडा बहुधा निमित्तमात्र असे आणि उत्स्फूर्त विस्तार, म्हणजे पूर्वनियोजनाशिवाय त्या क्षणी सुचत जाणारी स्वरावली, हा गाभा असे. त्यामुळे एकच गीत दोन मैफलींत सारखे राहत नसे. १९७२ मध्ये पेनार्थच्या पॅजेट रूम्समधील मैफल तबकडीच्या रूपाने आली, तेव्हा जे पुन्हा घडणे शक्य नव्हते ते कितीही वेळा ऐकता येऊ लागले. मात्र तबकडी वारंवार ऐकणाऱ्या चाहत्याला पुढचा स्वर ठाऊक असतो, वादकाला तो ठाऊक नव्हता. म्हणून ध्वनिमुद्रण वादनाचे फलित जपते, त्यातील अनिश्चितता जपत नाही. तरीही हा रसास्वाद भ्रामक ठरत नाही, कारण आज अटळ वाटणारा स्वर तेव्हा अनेक शक्यतांतून निवडला गेला होता आणि त्या निवडीतील स्वातंत्र्याची जाणीव हाच चाहत्याच्या आदराचा खरा विषय असतो.