परत दिलेले रक्त

रक्त म्हटले की आपल्या मंडळीतील माणसाला प्रथम वल्हांडणाचा कोकरा, वधस्तंभ आणि प्रभुभोजनाचा प्याला आठवतो. लेवीयाच्या सतराव्या अध्यायात रक्ताचे जीवाशी जे नाते सांगितले आहे, ते शब्बाथशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. म्हणूनच डॉक्टर आता रोग्याचे रक्त काढून, त्यातील पेशींत औषध भरून, तेच रक्त पुन्हा त्याच्या अंगात सोडू लागले आहेत, हे ऐकून पुष्कळांना चमत्कारिक वाटते. देवाने केलेल्या रक्तात माणसाने ढवळाढवळ का करावी, असे कोणी विचारील. हा प्रश्न आम्हांला फारसा अडवीत नाही. वाटेवर पडलेल्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणाऱ्या शोमरोन्याला प्रभूने नावाजले आहे. औषध जखमेवर ओतले काय आणि पेशीत भरले काय, हेतू एकच. आम्हांला अडवतो तो प्रश्न दुसराच आहे.

पण आधी ही रीत समजून घेऊ. तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होत असताना आपले केंद्रक बाहेर टाकून देते. त्यामुळे तिला स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करता येत नाही; प्राणवायू वाहून नेणे हेच तिचे मुख्य काम. सुमारे १२० दिवस ती शरीरभर हिंडते आणि मग मोडीत निघते. (स्वतःला रिते करणाऱ्या सेवकाचा दाखला येथे कोणाही उपदेशकाला सुचेल. जरूर सुचावा, मात्र पेशीला इच्छा नसते हे ध्यानात असू द्यावे, कारण त्याचे काम पुढे पडणार आहे.) इहलर, ग्लू व श्नूर या अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा पेशींत बाहेरचे द्रव्य कोंडून दाखवले. पेशी कमी मिठाच्या द्रावात ठेवल्या की पाणी आत शिरून त्या फुगतात आणि त्यांच्या आवरणाला बारीक छिद्रे पडतात. त्यांतून औषध आत जाते. मग मिठाचे प्रमाण पूर्ववत केले की छिद्रे मिटतात. रोग्याच्या स्वतःच्याच पेशी असल्यामुळे शरीर त्यांना परके मानीत नाही, आणि औषध दिवसेंदिवस थोडे थोडे झिरपत राहते.

ही रीत ज्या दुखण्यांवर योजून पाहिली त्यांत अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया नावाचे एक आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच ते मुलाला होते. ते जनुक १९९५ साली ओळखले गेले. मूल चालायला लागते, पण त्याचा तोल राहत नाही. डोळ्यांत तांबड्या शिरा दिसू लागतात. दहाव्या वर्षाच्या आसपास पुष्कळ मुलांना चाकांची खुर्ची लागते. पुढे वारंवार जंतुसंसर्ग आणि कर्करोगाची भीती. रोग बरा करणारे औषध नाही. डेक्सामेथासोनच्या जातीच्या औषधाने काही मुलांना थोडा आराम पडतो असे दिसले होते, पण ते रोज पोटात दिले तर हाडे ठिसूळ होतात आणि वाढ खुंटते. म्हणून इटलीतील संशोधकांनी डेक्सामेथासोन पेशींत भरले. मुलाचे साधारण ५० मिलिलीटर रक्त काढायचे, पेशींत औषध कोंडायचे, आणि त्याच दिवशी रक्त परत द्यायचे. असे महिन्यातून एकदा.

औषध खरेच गुणकारी आहे की नाही हे पाहण्यासाठी अनेक देशांतील मुलांवर परीक्षण झाले. मुलांचे तीन गट केले. दोन गटांना कमी-अधिक मात्रेत औषध मिळाले. तिसऱ्या गटाच्या मुलांचेही रक्त काढले, त्यावर तीच सगळी क्रिया केली, आणि औषधाशिवाय ते परत दिले. कोणाला काय मिळाले हे ना आईबापांना ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना.

येथे आमचे मन अडखळते. ज्या मुलाचे पाय महिन्यामहिन्याने जात आहेत, त्याला सुई टोचून त्याचे रक्त रितेच परत द्यावे काय? हा याजकासारखा दुसऱ्या बाजूने निघून जाण्याचा प्रकार नव्हे काय?

आम्हांला तसे वाटत नाही. शोमरोन्याला तेलाचा गुण माहीत होता. येथे औषधाचा गुणच कोणाला माहीत नव्हता. आणि आईबापांना आधीच सांगितलेले असते की तुमच्या मुलाला औषध मिळेलच असे नाही. सांगून केलेल्या गोष्टीला फसवणूक म्हणता येत नाही. शिवाय आशा कितीही मोठी असली तरी ती पुरावा होत नाही. लियाँ येथील एका कंपनीने दात्यांच्या तांबड्या पेशींत एक एन्झाइम भरून स्वादुपिंडाच्या कर्करोगावर दिले होते. त्याने रोग्यांचे आयुष्य वाढत नाही असे २०२१ मध्ये ठरले. या मुलांच्या परीक्षणाचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मुख्य कसोटीवर औषध उतरले नाही. लहान वयाच्या मुलांत काही लाभाची चिन्हे दिसली, एवढेच. रिते रक्त घेणारा गट नसता तर हे कळले नसते.

तरीही एक काटा राहतोच. प्रभूने आपला प्राण स्वखुशीने दिला. कोणी तो त्याच्यापासून हिरावून घेतला नाही. सहा वर्षांचे मूल मात्र दुसऱ्या मुलांच्या भल्यासाठी सुई सोसते ते आईबापांच्या सहीवर. दुसऱ्याने सोसायला लावले तर त्याला अर्पण म्हणणे कठीण, आणि "त्याने त्याग केला" असे आपण व्यासपीठावरून म्हणू नये. त्यामुळे अशा परीक्षणाला आमची संमती आहे ती अटींवर. मुलाला होणारा त्रास थोडा असावा. औषधाविषयीची शंका खरी असावी. मुलाला त्याच्या भाषेत समजावलेले असावे, आणि त्याने हात मागे घेतला तर आईबापांची सही असूनही थांबावे. शेवटची अट अशी की रिते रक्त घेतलेल्या मुलाला पुढे औषध मिळण्याची वाट मोकळी असावी. या परीक्षणात ती होती. ज्यांनी ते पुरे केले त्यांना नंतर, कोणताही पडदा न ठेवता, औषध भरलेले रक्त देऊ करण्यात आले.