शेंदूर नसलेला डोंगर

चढावर सायकल मारताना डोंगर किती मोठा ते कळतं. मोटारीतून कळत नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच नाही.

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे, पंचवीसेक किलोमीटर. मी आणि चुलतभाऊ पहाटेच निघालो. आरे-वाऱ्याच्या चढावर उतरून सायकली हातात धरल्या. वरून दोन्हीकडच्या पुळणी दिसतात, कडेला सुरूचं बन. दम खात उभे होतो, तर बाजूच्या सड्यावर जेसीबीची घरघर. जांभा ताज्या जखमेसारखा लाल.

मी काहीतरी पुटपुटलो. भाऊ म्हणाला, "ज्याची जमीन त्यानं विकली. त्याच्या पोराची फी तू भरणार होतास काय?"

पुळ्यात सायकली लावल्या, अनवाणी प्रदक्षिणेला निघालो. इथं नुसत्या देवळाला फेरी घालत नाहीत, अख्ख्या डोंगराला घालतात. किलोमीटरभर चाल आहे. डोंगर हाच गणपती. काठी टेकत चाललेल्या एका आजींना सहज विचारलं, "वर कधी गेलात का हो?"

"देवाच्या डोक्यावर चढतात काय रे बाबा?"

दगड तोच, जांभाच. श्रद्धेनं हा राखला, हे मला देव न मानताही कबूल आहे. पण शेंदूर न लागलेला डोंगर कुणी राखायचा, आणि कुणाच्या खर्चानं? बघायला आम्ही सगळेच येतो, फुकट.

आमच्या सामाईक सड्यावर ना देऊळ, ना घुमटी. सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. भाऊ सही मागतोय. त्याची थोरली येत्या जूनमध्ये कॉलेजात जायची आहे.