नऊ रुपयांची खोली

गिरगावातल्या एका गल्लीत दादांनी १९३६ साली चाळ बांधली. त्यासाठी कोकणातला जमिनीचा तुकडा विकला, गाठीची शिल्लक घातली. खाली सहा खोल्या, वर सहा, पुढे लाकडी गॅलरी आणि डोक्यावर मंगळुरी कौलं. "म्हातारपणी हीच माझी पेन्शन," दादा म्हणत. एका खोलीचं भाडं नऊ रुपये. बारा खोल्यांचे महिन्याला एकशे आठ.

दरवर्षी मृग लागण्याआधी दादा शाकारणी करून घेत. गडी कौलं उतरवत, फुटकी बाजूला काढत. दादा स्वतः शिडीवर चढून प्रत्येक वाशावर बोटाच्या पेराने टकटक करत. पोकळ आवाज आला की तो वासा बदलायचा. महिन्याभराच्या भाड्यात हे सगळं बसे आणि दिवाळीच्या चुन्यालाही पैसे उरत.

मग महायुद्ध आलं. मुंबईत माणसं मावेनात, मालक मागतील ते भाडं द्यावं लागे. म्हणून १९४७ साली कायदा झाला: १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, तेच प्रमाण भाडं. दादांची खोली तेव्हा नऊ रुपयांना होती, ती नऊलाच राहिली. कायदा गरजेचाच होता. तो नसता तर गरिबाचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं. दादांनाही पटला. "दोन-चार वर्षांची तर गोष्ट," ते म्हणाले.

कायद्याची मुदत वाढत गेली. दादा गेले आणि चाळ त्यांच्या मुलाकडे, अण्णांकडे आली. पालिकेचा कर वाढला की तेवढी रक्कम पावतीत वेगळी चढे, मूळ भाडं मात्र नऊच. गड्याची मजुरी वाढली, कौलं महागली, सागवानाचं तर नाव काढायची सोय राहिली नाही. शाकारणीला आता चार महिन्यांचं भाडं लागू लागलं. अण्णांनी एक वर्ष दिवाळीचा चुना टाळला. कुणी काही बोललं नाही. पुढल्या वर्षी त्यांनी शाकारणी टाळली. तेव्हाही कुणी काही बोललं नाही, कारण त्या वर्षी पाऊस बेताचा झाला.

वरच्या कोपऱ्यातल्या काकूंच्या खोलीत पुढच्या श्रावणात पहिला थेंब पडला. त्यांनी खाली पातेलं ठेवलं. दर महिन्याच्या एक तारखेला भाडं द्यायचं आणि पावती बिस्किटाच्या डब्यात ठेवायची, हा काकूंचा नेम होता. भाडं देताना त्या म्हणाल्या, "अण्णा, सगळ्यांनी पाच-पाच रुपये जास्त काढू. तू कौलं फिरवून घे."

गॅलरीत बैठक भरली. सात नंबरवाल्याने उपनगरात फ्लॅट घेतला होता. इथल्या खोलीला कुलूप होतं, पण भाडं वेळेवर पोचत होतं. तो म्हणाला, "कायद्यात नाही ते का द्यायचं? दुरुस्ती मालकाची." दोघांनी माना हलवल्या. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं होतं, उपकर भरावा लागत होता. तिसरा म्हणाला, "मंडळ करील की." अण्णा गप्प बसले. आदल्याच आठवड्यात एक ओळखीचा दलाल त्यांच्या कानाशी लागला होता, "भिंती कसल्या सांभाळता? चाळ पडली की खालची जमीन सोन्याची."

काकूंनी पातेलं काढून घमेलं ठेवलं.

अशी वीसेक वर्षं गेली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १९४०च्या पातळीवर गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला: जुन्या भाड्यावर पाच टक्के आणि पुढे वर्षाला चार टक्के वाढ. अण्णांनी पावतीपुस्तकाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब मांडला. आधी पंचेचाळीस पैसे, मग वर्षाने अडतीस. त्यांना हसूच आलं. त्यात कटिंग चहाही आला नसता. बाराही खोल्यांचं वर्षाचं मूळ भाडं एकत्र केलं, तरी एक शाकारणी होत नव्हती.

२००१च्या पावसाळ्यात एका पहाटे गॅलरी खाली आली. गॅलरीत कुणी नव्हतं, म्हणून जीव वाचले. दुपारी टेकू लागले, संध्याकाळी संक्रमण शिबिरात जायचा निरोप आला. सात नंबरवाला टॅक्सीने आला आणि लांबूनच बघत उभा राहिला. अण्णांनी पडलेला एक वासा उचलून त्यावर टकटक केली. बोट आतच गेलं.

काकू बिस्किटाचा डबा पोटाशी धरून जिन्याच्या पायथ्याशी बसल्या होत्या. "मी भाडं कधी थकवलं नाही रे," त्या म्हणाल्या.

"मीही कधी जास्त मागितलं नाही, काकू," अण्णा म्हणाले.

दोघंही खरं बोलत होते. कागदावर भाडं थांबलं होतं, पण चुना, कौलं आणि मजुरी यांना तो कागद ठाऊक नव्हता. दरसाल पडणारा फरक मालकाने भरला नाही, भाडेकरूंनी भरला नाही, मंडळाच्या उपकरातूनही तो पुरा झाला नाही. ज्याला त्याला वाटे, आपले पैसे वाचले. तो फरक इतकी वर्षं चाळ भरत होती, एकेका वाशाने. आणि दलालाने सांगितलेली सोन्याची जमीन अण्णांच्या हयातीत मोकळी झाली नाही.

शिबिरात गेल्यावर काकूंनी डबा उघडून पावत्या उन्हात वाळत घातल्या. सर्वांत वरच्या पावतीवर मूळ भाड्याचा आकडा होता: नऊ रुपये त्र्याऐंशी पैसे.