बरणी आणि वाटी

कोरियाची किमची, म्हणजे मीठ-मिरची लावून आंबविलेला कोबी, आज जगभर पोचली असून हैदराबादच्या दुकानांतही मिळते. परंतु २०१३ साली युनेस्कोने दक्षिण कोरियाच्या नावे नोंद केली ती या पदार्थाची नव्हे. हिवाळ्याच्या तोंडी सर्वांनी मिळून किमची घालण्याच्या व वाटण्याच्या ‘किमजांग’ या प्रथेची. कायद्याच्या व्यवसायामुळे आम्हांला हा भेद मार्मिक वाटतो. वस्तूवर हक्क सांगता येतो. देण्यावर कोणता हक्क सांगणार?

आमच्या हैदराबादेतही उन्हाळ्यात घातलेल्या आवकाय लोणच्याची वाटी शेजारी जाते. पण आता पुष्कळ घरी बरणी विकतच येते. त्यात पाप नाही. मात्र प्रसाद जसा एकट्याने खायचा नसतो, तशी त्या बरणीतूनही पहिली वाटी शेजारी जावी. कीर्ती पदार्थाची होते, पुण्य वाटण्याचे.