अजून नाही, की आता नाही?

पाऊस ओसरू लागला की सह्याद्रीच्या वाटांवर झुडपांच्या माथ्यावरून मोरवेल पांढरीशुभ्र फुलते. फूल हातात घेतलं तर चार पाकळ्या दिसतात. मग शेजारची कळी पाहावी. जास्वंदीच्या कळीला असतं तसं हिरवं आवरण तिला नाही. त्याच चार ‘पाकळ्या’ कडेला कड भिडवून कळी मिटून बसलेल्या असतात. म्हणजे ही निदलं. आवरणही तीच आणि शोभाही तीच. मोरवेलीला पाकळ्या नाहीत.

या ‘नाहीत’चा अर्थ काय? अजून आल्या नाहीत, की होत्या आणि आता उरल्या नाहीत? फुलाकडे नुसतं पाहून हे सांगता येत नाही, आणि वनस्पतिशास्त्र इथेच दीर्घकाळ अडलं.

बर्लिनच्या आडॉल्फ एंग्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी मांडणी केली, तीत ओक, अक्रोड, बर्च यांची बिनपाकळ्यांची फुलं आरंभीच्या पायरीवर होती. जे साधं ते जुनं, हा विचार मनाला चटकन पटतो. पण अमेरिकेतल्या चार्ल्स बेसी यांनी 1915 मध्ये उलट बाजू ठामपणे मांडली: उत्क्रांतीत अवयव येतात तसे जातातही. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडाने किडे बोलावणारी पाकळी पोसायची तरी कशाला? डीएनएच्या तुलनेने पुढे बेसींची बाजू खरी ठरवली. ओक आणि अक्रोड गुलाबाच्या गोतावळ्यातले निघाले.

पण पाकळ्या जातात कशा? 1991 मध्ये एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ यांनी फुलाचे अवयव ठरवणाऱ्या जनुकांचं सूत्र मांडलं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपात एपी3 हे जनुक बिघडलं, की पाकळ्यांच्या जागी निदलं येतात. पण पुंकेसरही जातात आणि त्यांच्या जागी स्त्रीकेसराचे भाग येतात. पाकळी टाकण्यासाठी परागच गमावायचे, हा सौदा निसर्गात टिकणं अवघड.

मोरवेलीच्या कुळात ही अडचण सुटलेली होती, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. तिथे फार पूर्वी या जनुकाच्या तीन प्रती झाल्या आणि कामाची वाटणी झाली. तिसरी प्रत, एपी3-3, जवळजवळ फक्त पाकळ्यांपुरती उरली. ती गेली तरी पुंकेसर शाबूत. होंगझी काँग आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं, की या कुळात निदान सात शाखांनी पाकळ्या स्वतंत्रपणे गमावल्या, आणि दर वेळी याच जनुकाचं काम मंदावलेलं किंवा थांबलेलं होतं. कुठे जनुकच नाहीसं, कुठे त्याचा तुकडा गळलेला. कलौंजीच्या बागेतल्या बहिणीच्या, नायजेलाच्या, एका बिनपाकळ्यांच्या वाणात जागा बदलत फिरणारा डीएनएचा एक तुकडा त्यात शिरून बसलेला आढळला. तिथे पाकळ्यांच्या जागी निदलांसारखे अवयव येतात आणि फूल दुहेरी, भरगच्च दिसतं. बागवान हौसेने जपत आले ते भरलेपण पाकळ्या हरपल्यातून आलेलं आहे.

आल्प्सच्या उतारांवरच्या एका मोरवेलीत मात्र निळ्या निदलांच्या आत पाकळ्यांसारखी पांढुरकी पात्रं दिसतात. हरवलेल्या पाकळ्या परतलेल्या नाहीत. कडेच्या पुंकेसरांनीच पराग सोडून देऊन तो आकार घेतला आहे.