हिरकणीचा बुरूज आणि बंद दरवाजा



मागे एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक तरुण भगिनी आम्हांला भेटायला थांबली. ती जळगावहून रोज एसटीने एरंडोलच्या पुढे नोकरीला जाते. बाळ सात महिन्यांचे. दुपारी पान्हा दाटतो, पदर ओला होतो. मग कार्यालयाच्या मोरीत जाऊन ती दूध पिळून टाकते. घरी सासूबाई बाळाला वरचे दूध पाजतात. तिने विचारले, "फादर, बाळाच्या हक्काचे दूध मी मोरीत ओतते. हे पाप आहे का?"

आम्ही लगेच "नाही" म्हणालो. पण एवढ्या उत्तराने ना तिचे समाधान झाले, ना आमचे.

ज्यांनी संसार केला नाही अशा आमच्यासारख्यांनी या विषयावर जपूनच बोलावे. मोठमोठ्यांचे पाय इथे घसरले आहेत. फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो याने १७६२ साली 'एमिल' या ग्रंथात आयांनी आपली मुले स्वतः पाजावीत असा आग्रह धरला. त्याच रूसोने स्वतःची मुले मात्र अनाथालयात सोडली होती. आईचे कर्तव्य सांगायला सोपे, कारण सांगणाऱ्याला ते करावे लागत नाही.

कर्तव्याचा एक साधा नियम आहे. जे माणसाच्या हातात नाही, त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. पण म्हणून ते कर्तव्य नाहीसे होते का? तसे नाही. बाळाची भूक तर जागच्या जागी असते. आईला जे करता आले असते ते ज्याने अडवले, किंवा मदत करणे शक्य असून ज्याने केली नाही, त्याच्याकडे ते ओझे सरकते. संत थॉमस अक्विनास न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे असे सांगतात. मग या बाळाचे देणे कोणाकडे थकले आहे, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हिरकणीची कथा पाठ आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली ही गवळण. कोजागिरीच्या दिवशी तिला उशीर झाला, दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ. पहारेकऱ्यांनी दार उघडले नाही, तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला, असे सांगतात. कथा आपण आईच्या धैर्याची म्हणून सांगतो. पण बुरूज बांधला म्हणजे ती वाटही बुजली! किल्ल्याच्या रक्षणासाठी ते योग्यच होते. आपण मात्र किल्ला राखत नाही, तरी आयांशी तसेच वागतो. मातृत्वाचा गौरव करतो आणि दरवाजाची वेळ बदलत नाही.

आज एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत 'हिरकणी कक्ष' असतात. कल्पना उत्तम आहे. पण २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन मुंबईच्या विधानभवनात आल्या, तेव्हा तिथल्या हिरकणी कक्षात धूळ होती. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून ते सांगितले. कायदे करणाऱ्या घरात आमदार आईची ही गत, तर मोरीत उभ्या राहणाऱ्या आमच्या भगिनीचे काय?

कायदा नाही असे नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या काळातील विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे मांडले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात मातृत्व लाभाचा कायदा झाला. देशाचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळांसाठी रजा २६ आठवडे झाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, हे हक्क आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे पूरक अन्नासह दोन वर्षे व अधिक काळ स्तनपान सांगते. म्हणजे रजा संपते तेव्हा पाजणे संपलेले नसते.

आणि ज्यांना रजाच नाही त्यांचे काय? कापूस वेचणीला जाणारी माय बाळाला निंबाखाली झोळीत ठेवते. मजुरी किलोवर. बाळाला घेऊन बसली तेवढा कापूस कमी भरतो. दोंडाईच्याला मिरचीचे देठ खुडणारी बाई आग होणाऱ्या हातांनी बाळाला जवळ कशी घेणार? नोकरदार आईला २६ आठवडे पगार, आणि मजूर आईला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये. दोघींचे दूध एकच आहे.

पवित्र शास्त्रातील दोन आया आठवतात. हन्ना शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत वार्षिक यज्ञालाही गेली नाही. नवरा एलकाना तिला म्हणाला, तुला बरे वाटेल तसे कर. तान्ह्या बाळासाठी देवाच्या घरची हजेरीसुद्धा माफ झाली! दुसरी मोशेची आई. फारोच्या कन्येने तिलाच दाई म्हणून ठेवले आणि वेतन कबूल केले. स्वतःचे मूल पाजण्याची मजुरी मिळालेली ही आई. पाजणे हे काम आहे, हे फारोच्या घरात कळले होते.

कोणी म्हणेल, एवढे आहे तर तिने नोकरी सोडावी. पण तिचा पगारही बाळाच्याच तोंडी जातो. कोणी म्हणेल, वरच्या दुधावरही मुले वाढतात. खरे आहे, आणि जिला पाजता येत नाही तिला कोणी बोल लावू नये. पण जिला पाजायचे आहे तिला आडोसा न देणे ही वेगळी गोष्ट आहे.

त्या भगिनीला आम्ही पुन्हा भेटलो आणि सांगितले, दोष तुझा नाही. जमले तर दूध ओतू नकोस. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. जळगावच्या उन्हात मात्र घरी नेताना बर्फाची पेटी हवी. फ्रीजचा एक कप्पा आणि कडी असलेली एक खोली वरिष्ठांकडे माग. ती भीक नाही.

आता आपल्याकडे वळू. तुमच्यापैकी काहींच्या हाताखाली बाया काम करतात. वेचणीच्या मजुरीत पाजण्याची वेळ धरा. नवऱ्यांनो, रात्रीची भांडी तुम्ही घासा. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली सिस्टिन चॅपेलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना सांगितले होते, बाळ भुकेले असेल तर निःसंकोच पाजा. आपल्या चर्चमध्येही तसेच असू द्या. ज्यांना आडोसा हवा त्यांच्यासाठी वेदीमागच्या खोलीची किल्ली मिस्सेच्या वेळी दारालाच असेल.

आईच्या दुधाचे पांग फिटत नाहीत असे आपण म्हणतो. निदान ते मोरीत जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.