संगणकाची कार्यप्रणाली बदलावी काय?

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली म्हणून आपल्याकडे कोणी तें भांडें टाकून देत नसे. कल्हईवाल्याला हांक मारीत. वस्तु निकामी केव्हां झाली हें वापरणारानें ठरवावें, असा साधा संकेत होता. संगणकानें हा संकेत उलटा केला आहे. २०१५ सालीं निघालेल्या 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टिमचें, म्हणजे कार्यप्रणालीचें, नित्याचें संरक्षण मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. पुढची 'विंडोज ११' ही नवे प्रोसेसर व सुरक्षेची विशिष्ट सोय असलेल्या यंत्रांनाच अधिकृतपणें आपलीं म्हणते. घरगुती वापरासाठीं वर्षाची मुदतवाढ ठेवण्यांत आली खरी. पण मुदतवाढीनें प्रश्न पुढें जातो, सुटत नाहीं.

अशा वेळीं लिनक्सचें नांव निघतें. तें विनामूल्य मिळतें व जुन्या यंत्रावरहि बहुधा बरें चालतें. परंतु त्याच्या पुरस्कर्त्यांचा खरा दावा पैशाचा नाहीं, नीतीचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, तो आज्ञावली वापरण्याचें, अभ्यासण्याचें, बदलण्याचें व वांटण्याचें स्वातंत्र्य प्रत्येकास असावें, या तत्त्वावर. १९९१ सालीं हेलसिंकी येथील एक विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं प्रणालीचा गाभा लोकांपुढें ठेविला. या दोन प्रयत्नांच्या मिलाफांतून आजचें लिनक्स उभें राहिलें. आपल्या घरांतील यंत्र काय करतें हें जाणण्याचा ज्याला अधिकार नाहीं तो त्या यंत्राचा धनी नसून भाडेकरू आहे, असें हे लोक म्हणतात. आणि या म्हणण्यांत तथ्य आहे.

यावर कोणी शंका घेईल कीं, ज्या गृहस्थाला आज्ञावलीची एक ओळहि वाचतां येत नाहीं, त्याला ती वाचण्याचें स्वातंत्र्य देऊन काय उपयोग? शंका वाटते तितकी बळकट नाहीं. कायद्याचें पुस्तक बहुतेकांनीं उघडलेलें नसतें. तरी तें कोणालाहि उघडतां येतें, यामुळें न उघडणाराचेंहि रक्षण होतें. मात्र हीच शंका दुसऱ्या अंगानें घेतली तर ती खरोखर बोंचते. कंपनीवरील अवलंबन सुटलें, पण प्रत्येक अडचणीला घरांतल्या जाणत्या मुलाला हांक मारावी लागली, तर पारतंत्र्य गेलें कीं नुसता धनी बदलला?

आमच्या घरीं हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. माझे वडील गेलीं बारा वर्षें जुन्या संगणकावर कुळाचा इतिहास टंकीत आहेत. पुतण्यानें एके रविवारीं त्यावर लिनक्स चालवून दाखविलें. आणि आजोबांची फाइल उघडतांच पडद्यावर मराठीऐवजीं रोमन अक्षरांचा गलबला दिसूं लागला. वडील कांहीं बोलले नाहींत. चष्मा काढून पुशीत राहिले. पुढें उलगडा झाला कीं दोष लिनक्सचा नव्हता, विंडोजचाहि नव्हता. तो मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या एका फाँटांत होता. आंत रोमन संकेत आणि वर देवनागरीचा वेष. तो फाँट जेथें नाहीं तेथें बारा वर्षांचे श्रम मुके. विशेष हें कीं, युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला स्थान होतें. आम्हींच इतकीं वर्षें तिकडे पाहिलें नव्हतें.

मग पंधरा संध्याकाळीं मजकुराचें रूपांतर चाललें. ऱ्हस्व वेलांट्या व रफार जागोजाग चुकले होते. वडील मूळ छापील प्रतीवरून मोठ्यानें वाचीत आणि पुतण्या दुरुस्त करी. प्रणाली बदलण्याच्या गोष्टी त्या पंधरवड्यांत कोणी काढल्या नाहींत. आणि मला वाटतें, घरांतलें खरें स्थित्यंतर तेंच होतें.

मोठ्या संस्थांचा अनुभवहि हेंच सुचवितो. जर्मनींतील म्यूनिच महापालिकेनें २००३ सालीं लिनक्सकडे वळण्याचें ठरविलें, सुमारें १५,००० संगणक त्या मार्गावर आणले, आणि २०१७ सालीं तिच्या नगरसभेनें परत फिरण्याचा निर्णय घेतला. दोष प्रणालीचा, व्यवस्थेचा कीं राजकारणाचा, यावर बराच वाद झाला. उलट केरळ राज्यानें शाळांतून मुक्त प्रणाली आणतांना शिक्षकांना ती शिकविण्याचाहि भार उचलला, आणि तेथें ती रुजली. तत्त्व दोन्हीकडे एकच होतें. तें अंगीं मुरण्यासाठीं लागणारे कष्ट कोणी व कसे उचलले, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

म्हणून 'कोणती प्रणाली श्रेष्ठ?' या प्रश्नाच्या आधीं दुसरे दोन प्रश्न विचारावे. पहिला, आपलें लिखाण, हिशेब व छायाचित्रें आज कोणत्याहि यंत्रावर उघडतील अशा रूपांत आहेत काय? नसतील तर आधीं तें करावें. त्यासाठीं प्रणाली बदलण्याचीहि गरज नाहीं. दुसरा, माझ्या स्वातंत्र्याचे श्रम कोणाच्या माथीं पडणार? स्वतःच्या तत्त्वासाठीं घरांतल्या वृद्धांची किंवा गृहिणीची बसलेली घडी मोडणें, आणि मग त्यांच्या अडचणीला अडाणीपणा म्हणणें, यांत मला स्वातंत्र्यप्रेम दिसत नाहीं. पण शिकविण्याची तयारी असेल, आणि बँकेचें वा कचेरीचें एखादें काम अडत नाहीं याची खात्री करून घेतली असेल, तर चालतें यंत्र भंगारांत घालण्यापेक्षां बदल खचित शहाणपणाचा आहे.

आमच्या यंत्रावर अखेर लिनक्स आलें. पुतण्यानें मोठ्या अक्षरांत एक वही लिहून दिली आहे; जूनमध्यें तो नोकरीसाठीं परगांवीं जाईल. वडिलांचा इन्स्क्रिप्टचा कळफलक अजून पुरता बसलेला नाहीं. काल त्यांनीं वहींत पाहून, कोणाला न बोलावतां, आपल्या आजोबांच्या मृत्यूचें प्रकरण लिहून जतन केलें.